पाहुण्यांना अनोळखी फळ द्यायचंय? मग ते त्यांच्यासमोरच फोडा

हल्ली ठाण्यात कुठल्याही बऱ्या फळवाल्याकडे गेलं की सफरचंदांच्या वरच्या फळीवर ड्रॅगन फ्रूट, किवी, अॅव्होकाडो बसलेले असतातच, पावसाळ्यात रंबूटान आणि मँगोस्टीनसुद्धा दिसतात, आणि आपण काय करतो तर लांबून बघतो, भाव विचारतो आणि परत अर्धा डझन केळी घेऊन घरी. कारण घरी नेऊन त्याचं करायचं काय तेच माहीत नसतं. आणि ज्यांनी नेलं त्यातल्या बऱ्याच जणांच्या वाट्याला कच्चं नाहीतर शिळं फळ आलेलं असतं, मग "काही टेस्टच नाही हो, नुसतं महाग" हे मत कायमचं होऊन बसतं. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण यातली काही फळं इतकी सुंदर असतात की एकदा नीट खाल्ली तर माणूस पुढच्या सीझनची वाट बघतो.

माझं म्हणणं सरळ आहे. पाहुण्यांपुढे एका वेळी एकच अनोळखी फळ ठेवायचं, ते सीझनमधलं आणि नीट पिकलेलं हवं, आणि ते किचनमधून चिरून न आणता त्यांच्यासमोर फोडायचं. पाच फळांचे तुकडे करून टूथपिक खोचून आणले की लोक संकोचाने एक तुकडा उचलतात, कशाची चव कशाला लागली ते कळत नाही आणि बाकीची डिश तशीच परत किचनमध्ये येते. तेच फळ अख्खं समोर ठेवलं, सुरी फिरवली, साल उघडली की समोरचा माणूस आपोआप पुढे सरकून बसतो, प्रश्न विचारतो, हातात घेऊन बघतो. निम्मी मजा तर तिथेच आहे.

आता कुठून आणायचं. ठाण्यात असाल तर जांभळी नाक्याचं मार्केट, नौपाड्यातले फळवाले, नाहीतर घोडबंदरकडची मोठी सुपरमार्केट्स. जास्त लागणार असतील, म्हणजे घरी काही कार्यक्रम असेल, तर सरळ वाशीचं एपीएमसी फळ मार्केट गाठा, ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकल पकडायची, तुर्भ्याला उतरायचं आणि रिक्षा. सकाळी लवकर गेलात तर बरं. तिथे मुख्य व्यवहार पेटीचा असतो त्यामुळे सोसायटीतल्या तीन-चार घरांनी मिळून पेटी आणली की परवडते, आणि वाटून घेताना सगळ्यांच्याच घरी नवीन फळ जातं. ॲपवरून मागवायलाही हरकत नाही पण तिथे फळ दाबून बघता येत नाही ना, त्यामुळे किवी आणि अॅव्होकाडो पाहुणे यायच्या चार-पाच दिवस आधी मागवा, आदल्या रात्री मागवलेत तर दगड येणार हे धरून चाला.

हे पिकण्याचं एकदा डोक्यात पक्कं बसलं की निम्मं काम झालं. काही फळं झाडावरून काढल्यावरही घरात पिकतात, आपला आंबा, केळं, चिकू तशी. अॅव्होकाडो, किवी, पर्सिमन ही त्यातली. ती कच्ची आणली तरी चालतात, कागदी पिशवीत एका पिकलेल्या केळ्याबरोबर ठेवायची, केळ्यातून इथिलीन वायू सुटतो त्याने ती लवकर पिकतात. पिकेपर्यंत फ्रीजमध्ये ठेवायची नाहीत. आणि दुसरी फळं अशी की एकदा तोडली की संपलं, पुढे गोडी वाढत नाही, नुसती शिळी होत जातात. ड्रॅगन फ्रूट, रंबूटान, लिची, लाँगन, अननस. ही पाहुणे येणार त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी आणायची आणि दुकानातच नीट पारखून घ्यायची. "दोन दिवस ठेवा मॅडम, गोड होईल" असं रंबूटानच्या बाबतीत कोणी म्हणालं तर त्यावर जाऊ नका.

ड्रॅगन फ्रूटपासून सुरुवात करा, सगळ्यात सोपं आणि दिसायला सगळ्यात देखणं. हे निवडुंगाच्या कुळातलं फळ आहे आणि आता आपल्याकडेच, सांगली-सोलापूरच्या कोरड्या भागात त्याच्या बागा आहेत, त्यामुळे साधारण जून ते नोव्हेंबर हा त्याचा सीझन. या दिवसांत मिळणारं आतून लालभडक असलेलं फळ घ्या. बाहेरून गुलाबी आणि आतून पांढरं असतं ते बरेचदा फिकं लागतं, आणि "याला चवच नाही" म्हणणारे बहुतेक हेच खाऊन आलेले असतात, तेही भर उन्हाळ्यात, लांबून आलेलं. फळ हलकंसं दाबलं जायला हवं, बाहेरचे खवले थोडे सुकलेले चालतील पण देठाशी काळं-ओलं नको. खवल्यांच्या बेचक्यात माती असते म्हणून आधी नीट धुवा आणि अख्खंच दोन-तीन तास फ्रीजमध्ये गार करा. मग उभं मधोमध चिरा, अंगठा सालीखाली घातला की गर सुटून येतो. वरून लिंबू आणि अगदी चिमूटभर चाट मसाला, बास. सहा जणांना दोन मध्यम फळं पुरतात. लाल जातीचा रंग हात, कपडे, शेजारची इतर फळं सगळ्याला लागतो, तेव्हा ते वेगळ्या बाऊलमध्येच ठेवा आणि पांढरा टेबलक्लॉथ त्या दिवशी राहू दे. आणि एक गोष्ट घरातल्या मोठ्यांना न लाजता आधीच सांगून ठेवा, की लाल ड्रॅगन फ्रूट खाल्लं की दुसऱ्या दिवशी लघवी-संडासचा रंग लालसर दिसू शकतो, बीट खाल्ल्यावर होतं तसं, घाबरायचं नाही. आजी-आजोबा उगाच धास्तावतात.

माझं सगळ्यात लाडकं मात्र मँगोस्टीन, आणि त्यावर मी जरा जास्त बोलणार. हे आपल्या कोकमाच्याच कुळातलं झाड, कोकणातल्या माणसाला हे सांगितलं की त्याचा चेहराच बदलतो. केरळात आणि तमिळनाडूत कुर्तालमच्या बाजूला, निलगिरीच्या पायथ्याला ते होतं, आपल्याकडे पावसाळ्यात येतं, थायलंडहून येणारं त्याच्या आधीपासूनही दिसतं. घेताना साल बोटाने दाबून बघायची, किंचित दबली पाहिजे. लाकडासारखी टणक लागली तर ते फळ जुनं झालंय, आत गर खराब असण्याची शक्यता जास्त, घेऊ नका. देठ आणि वरच्या पाकळ्या हिरव्या असतील तर ताजं. सालीवर पिवळा डिंक वाळलेला दिसतो, थोडा असला तर काही बिघडत नाही पण तो डिंक आत गरापर्यंत उतरला असेल तर तेवढा भाग कडू लागतो, तो काढून टाकायचा. जमलं तर दुकानदाराला एक फोडून दाखवायला सांगा, नेहमीचा असेल तर फोडतो.

आता हे फोडायचं कसं. फळ उलटं करा, खाली एक छोटं फुलासारखं चिन्ह असतं, त्याच्या पाकळ्या मोजा. जेवढ्या पाकळ्या तेवढ्या आत पाकळ्या, म्हणजे गराच्या फोडी. पाहुण्यांबरोबर मुलं आली असतील तर त्यांच्या हातात द्या आणि "आत किती फोडी निघतील सांग" विचारा, मग फोडा. पाच म्हटलं की पाच निघतात, सहा म्हटलं की सहा, आणि मग प्रत्येकाला आपलं आपलं फळ मोजायचं असतं, मोठ्यांनासुद्धा. सुरी फळाच्या मध्यावरून गोल फिरवायची, आडवी, फक्त सालीच्या जाडीएवढीच, म्हणजे साधारण पाऊण सेंटिमीटर आत, आणि मग दोन्ही हातांनी वरची टोपी पिळून उचलायची. खालच्या जांभळ्या वाटीत पांढऱ्याशुभ्र फोडी बसलेल्या दिसतात. ती वाटी तशीच पाहुण्याच्या पुढे ठेवायची, फोर्क द्यायचा. मीठ नाही, मसाला नाही, काही नाही. आंबट-गोडाचा इतका नाजूक मेळ आहे तो की त्यावर काहीही टाकलं तर बिघडतो. मोठ्या फोडींत बी असते, ती कडू, चावायची नाही हे आधी सांगा. आणि सालीचा जांभळा रस कपड्याला लागला तर जाता जात नाही, म्हणून फोडणाऱ्याने एप्रन बांधावा आणि पाहुण्यांना पेपर नॅपकिन आधीच द्यावेत. खाण्याजोगा भाग वजनाच्या जेमतेम पंचवीस-तीस टक्के असतो, एक किलोत साधारण दहा ते चौदा फळं बसतात, तेव्हा माणशी दोन या हिशोबाने घ्या. महाग पडतं, खरंय. म्हणूनच पंधरा माणसं येणार असतील त्या दिवशी नको, घरातलेच चार-सहा जण निवांत बसणार असतील तेव्हा आणा.

रंबूटान गणपतीच्या दिवसांत मस्त. केरळहून येतं, भाव त्या वेळी बरा असतो, आणि ती लाल केसाळ फळं परातीत ओतून ठेवली की येणारा प्रत्येक जण हात लावून बघतो. केस ताठ आणि टोकाला हिरवट असले तर ताजं, काळे पडून सुकले असले तर सोडून द्या. सालीला मधोमध नखाने किंवा सुरीने चीर द्या, अर्धी टोपी काढा आणि खालच्या अर्ध्याला धरून खायला द्या, हात चिकट होत नाहीत. चवीला लिचीच्या जवळ, दोघं एकाच कुळातले, आणि त्याच कुळात आपला रिठापण आहे. गराला बीचं पापुद्रं कधीकधी चिकटून येतं, ते गिळलं तरी हरकत नाही पण बी कच्ची खायची नाही. लहान मुलांना मात्र अख्खं फळ कधीही देऊ नका. गुळगुळीत गोल बी असते, घशात अडकायची भीती खरी आहे, पाच वर्षांखालच्या मुलांना बी काढून, चिरूनच. लिची आणि लाँगनलाही तेच लागू.

पॅशन फ्रूटबद्दल एकच सांगते, जांभळ्या सालीला सुरकुत्या पडल्या म्हणून टाकून देऊ नका, सुरकुतलेलंच पिकलेलं असतं. हातात जड लागायला हवं. अर्धं कापायचं आणि चमच्याने गर काळ्या बियांसकट खायचा. ज्यांना बिया नको वाटतात त्यांच्यासाठी सरबत करा, आठ-दहा फळांचा गर गाळणीवर चमच्याने घासून रस काढा, साखर, काळं मीठ, गार पाणी, सहा ग्लास होतात. कोकम सरबत आवडणाऱ्या घरात हे हमखास संपतं.

किवीबाबत एक धोक्याची सूचना. किवीत ॲक्टिनिडिन नावाचं एन्झाइम असतं, ते प्रोटीन तोडतं, त्यामुळे दुधात, कस्टर्डमध्ये, श्रीखंडात कच्ची किवी घालून ठेवली की थोड्या वेळाने कडू लागायला लागतं. अननसाचं श्रीखंड करताना अननस आधी साखरेत शिजवून घेतात ना, त्यामागेही हेच कारण, अननसातही तसंच एन्झाइम आहे आणि शिजवलं की ते निकामी होतं. तेव्हा किवी एकतर शिजवून घाला, नाहीतर वाढताना अगदी वरून ठेवा आणि लगेच द्या. जेली करायची असेल तर जिलेटिन सेट होणार नाही, चायना ग्रास वापरा, तो बरोबर सेट होतो.

अॅव्होकाडो नुसता द्यायचा प्रयत्न करूच नका, आपल्या लोकांना गोड नसलेलं मऊ फळ नुसतं आवडत नाही आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. कोशिंबीर करा. एक पिकलेला मोठा अॅव्होकाडो, देठाचं बोंड नखाने उडवून बघायचं, खाली हिरवं दिसलं तर तयार, तपकिरी दिसलं तर आत काळं पडायला लागलंय. हॅस जातीचा असेल तर पिकल्यावर साल काळपट होते, कूर्गकडून येणारे मोठे हिरवे मात्र बरेचदा हिरवेच राहतात, ते दाबूनच बघायचे. आधी बारीक चिरलेला कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, दोन मोठे चमचे दाण्याचं कूट, मीठ, चिमूटभर साखर, लिंबू हे एकत्र करायचं, वर मोहरी-हिंगाची फोडणी घालायची, कालवायचं, आणि हे पूर्ण गार झाल्यावरच अॅव्होकाडोच्या फोडी घालून हलक्या हाताने एकत्र करायचं. गरम फोडणी थेट त्याच्यावर ओतलीत तर कडवटपणा येतो, अॅव्होकाडोला उष्णता सोसत नाही. तांदळाच्या भाकरीबरोबर द्या. गोडाचं खाऊन कंटाळलेले आणि शुगरवाले पाहुणे खूश होतात कारण या सगळ्या फळांत साखर सगळ्यात कमी यातच.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हिमाचलकडून पर्सिमन येतं, टोमॅटोसारखं दिसणारं केशरी फळ, दुकानात त्याला जपानी फळ किंवा रामफळ असं काहीही म्हणतात. यात दोन प्रकार, चपटं असतं ते कडक असतानाच सफरचंदासारखं चिरून खाता येतं, टोकदार असतं ते लिबलिबीत होईपर्यंत थांबायचं म्हणजे थांबायचंच. टेंभुर्णीच्या कुळातलं आहे, कच्चं असताना टॅनिनमुळे इतकं तुरट की जीभ जड होते, आणि पहिलाच घास असा गेला तर पाहुणा परत त्या फळाकडे बघणार नाही. घाई असेल तर रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून बाहेर काढा, तुरटपणा बराच जातो.

आता हे जरा गंभीर, पण वाचाच. फळ पुढे करण्याआधी विचारायचं. स्टारफ्रूट, म्हणजे कमरख, किडनीचा त्रास असलेल्यांना अजिबात द्यायचं नाही, डायलिसिसवर असलेल्यांना तर त्यातून उचक्या, गोंधळल्यासारखं होणं ते फिट येण्यापर्यंत त्रास होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं. ग्रेपफ्रूट आणि आपलं पपनस, कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांबरोबर आणि बीपीच्या काही गोळ्यांबरोबर चालत नाही, गोळीचं रक्तातलं प्रमाण वाढतं. ज्यांना रबरी ग्लोव्हजची, फुग्याची ॲलर्जी आहे त्यांना किवी, अॅव्होकाडो, केळं यांचीही असू शकते. आणि ज्याने ते फळ आयुष्यात कधीच खाल्लेलं नाही त्याला पहिल्यांदा एक-दोन फोडीच द्या, आग्रह नको. जेवणात आपण आग्रह करतो ते ठीक आहे पण अनोळखी फळाला तो करू नये असं माझं ठाम मत आहे.

वेळ कुठली? भरपेट जेवणावर लगेच नको, कोणालाच चव लागत नाही. संध्याकाळी पाहुणे आले, पाणी झालं, गप्पा सुरू झाल्या की फळ, आणि चहा-पोहे त्यानंतर अर्ध्या तासाने. मधोमध फळांची परात, एक धारदार छोटी सुरी, प्रत्येकाला छोटी प्लेट आणि चमचा, आणि साली-बियांसाठी एक मोठं रिकामं पातेलं, हे विसरू नका, नाहीतर बिया हातात धरून माणसं अवघडून बसतात. शेजारी एक ओळखीचं फळ पण ठेवा, पेरू किंवा पपई, ज्याला नवीन नको त्याला मान खाली घालायला लागू नये.

ड्युरियनबद्दल कोणी ना कोणी विचारतंच. वास फार उग्र, सिंगापूरमध्ये तर मेट्रोत न्यायलाच बंदी आहे. फणसाचा भाऊ वाटतो पण तो काटेसावर आणि कापूस ज्या कुळातले त्यातला. एसी लावलेल्या बंद फ्लॅटमध्ये फोडू नका, शेजारच्या विंगेला कळेल. टेरेसवर, हौशी चारच माणसं असतील तेव्हा ठीक.

आणि परदेशीच हवं असं कुठे आहे. तुमच्याकडे पुण्या-नागपूरचे किंवा दिल्लीचे पाहुणे येणार असतील तर एप्रिल-मे मध्ये सोललेले ताडगोळे द्या, गार करून, ते मधलं पाणी तोंडात फुटतं तेव्हा त्यांचा चेहरा बघा. येऊरकडच्या बायका टोपलीत करवंदं घेऊन बसतात ती घ्या, पांढरे-गुलाबी जाम घ्या, जून आला की बहाडोलीची टपोरी जांभळं घ्या. त्यांच्या गावात यातलं काही सहज मिळत नाही, त्यांच्यासाठी हेच दुर्मीळ.

उरलेल्याचं काय करायचं तेही सांगते. ड्रॅगन फ्रूटचे तुकडे एअरटाइट डब्यात दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतात. मँगोस्टीन फोडलेलं ठेवू नका, खाऊन टाका. रंबूटान सालीसकट ओलसर फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहतं. किवी मऊ पडली की साखर घालून मुरांब्यासारखी आटवा. आणि पॅशन फ्रूटचा गर बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून क्यूब करा, ते झिपलॉकच्या पिशवीत भरून ठेवले की महिनाभर कधीही कोणी आलं तरी दोन क्यूब, साखर, पाणी, सरबत तयार.